माझा ऑक्टोपस ताईंनी निवडला

ताईंच्या नाकातोंडात पाणी गेलं ते माझ्यामुळे. आणि तेही समुद्रात नाही, स्कूबा डायव्हिंगच्या सरावाच्या तलावात, जेमतेम ३ मीटर खोलीवर. त्यांनी गळ्यावरून आडवा हात फिरवून हवा संपल्याची खूण केली, मी कमरेशी लटकणारा पिवळा रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून हवा घ्यायचं जादा उपकरण, ओढून त्यांच्या हातात दिला, त्यांनी तो तोंडात धरून श्वास घेतला आणि दुसऱ्या क्षणी पाय झाडत वर गेल्या. काठ धरून बराच वेळ खोकत होत्या. खोकला ओसरल्यावर पहिलं वाक्य आलं, "अगं, उलटा दिलास मला!"

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. घरात मी त्यांना अहो-जाहो करते. पाण्याखाली ते करायची सोय नसते, आणि खरं सांगायचं तर आमची मैत्री तिथेच झाली. साठेक डायव्ह आम्ही एकमेकींच्या बडी, म्हणजे पाण्यातल्या जोडीदार, म्हणून केल्यात. या साठांत बॅकअपची गरज एकदाही पडली नव्हती, त्यामुळे माझा ऑक्टोपस, म्हणजे हाच पिवळा बॅकअप, काय लायकीचा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. सेकंडहँड घेतलेल्या सेटबरोबर तो आला होता. मुख्य रेग्युलेटर मी पारखून घेतला, सर्व्हिसिंग करून घेतलं, माउथपीस बदलला. पिवळ्याकडे मात्र एक असायला हवा म्हणून आहे, या पलीकडे पाहिलं नव्हतं.

नवख्यांसाठी थोडं सांगते. सिलिंडरमध्ये हवा २०० बारच्या आसपास दाबलेली असते. सिलिंडरच्या तोंडावर बसते ती फर्स्ट स्टेज. ती हा दाब उतरवून भोवतालच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतका ठेवते. तिथून नळी निघते आणि तोंडातल्या सेकंड स्टेजपर्यंत जाते. ही दुसरी स्टेज आपण श्वास ओढला की तेवढ्यापुरती उघडते आणि हवा भोवतालच्या दाबाला आणून देते. बॅकअप म्हणजे त्याच फर्स्ट स्टेजवर लावलेली आणखी एक सेकंड स्टेज. नळ्यांचा पसारा वाढला म्हणून त्याला ऑक्टोपस म्हणू लागले. कूस्तो आणि गान्यां यांनी १९४३ मध्ये पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण अ‍ॅक्वा-लंग बनवलं तेव्हा असलं काही नव्हतं. पुढे कित्येक वर्षं एकच माउथपीस दोघांनी आळीपाळीनं वापरायचा, दोन श्वास तुझे, दोन माझे, अशीच रीत शिकवत. घाबरलेल्या माणसाकडून "आता तुझी पाळी" म्हणून रेग्युलेटर परत मिळवायचा, ही कल्पनाच मला भीतीदायक वाटते.

तर उलट्या रेग्युलेटरचं काय होतं? नेहमीच्या सेकंड स्टेजमध्ये उच्छ्वासाची रबरी झडप खालच्या बाजूला असते. आत पाणी शिरलं असेल तर ते तळाशी साठतं आणि उच्छ्वासाबरोबर त्या झडपेतून निघून जातं. तोच डबा उलटा तोंडात धरला की झडप वर जाते, पाणी खाली म्हणजे नेमकं तोंडाशी राहतं, आणि कितीही फुंकलं तरी पूर्ण निघत नाही. त्यात हवा संपलेल्या माणसाच्या छातीत फुंकायला हवाच नसते. ताई सरावातही प्रामाणिक. खूण करायच्या आधी त्यांनी सगळी हवा सोडून दिली होती. मग पहिला श्वास म्हणजे निम्मी हवा, निम्मं पाणी.

चूक माझीच, त्यात वाद नाही. पण तेवढ्यावर भागेना. त्या रात्री मला वाटत होतं की तीन मीटरवर, शांत पाण्यात, आधीपासून ठरलेल्या सरावात जर मी उलटा देते, तर खरोखरच्या वेळी सुलटा देईन कशावरून? आणि ताईंच्या डोक्यात वेगळंच चक्र चालू होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन. "ऐक, तुझा ऑक्टोपस तू नको घेऊस. मी निवडते. तोंडात कुणाच्या जाणार आहे तो?"

आधी मला हसू आलं, मग पटलं. माझ्या अंगावरचा ऑक्टोपस हा ताईंचा बॅकअप आहे. माझा बॅकअप ताईंच्या अंगावर आहे, आणि तो कसा आहे हे मी आजवर एकदाही तपासलं नव्हतं. ठरलं. माझ्यासाठी त्या निवडणार, त्यांच्यासाठी मी.

दोघींचे सेट घेऊन आम्ही आधी सर्व्हिसिंग करणाऱ्या तंत्रज्ञाकडे गेलो. बोलणं कमी, हात सारखे चालू, असा माणूस. त्यांनी माझा पिवळा खोलला तेव्हा झडपेच्या कडेला वाळूचे कण निघाले आणि झडपेची एक कड दुमडलेली दिसली. म्हणजे सुलटा दिला असता तरी थोडं पाणी आलंच असतं. लटकत लटकत तळाशी घासत जाणाऱ्या ऑक्टोपसचं हे ठरलेलं आहे, असं ते म्हणाले. पुढे त्यांनी सांगितलेली तपासणी मी आता दर डायव्हच्या आधी करते. सिलिंडर बंद असताना माउथपीस तोंडात धरून श्वास ओढायचा. हवा अजिबात यायला नको. आली तर झडप किंवा पडदा कुठेतरी गळतोय, आणि जिथून हवा येते तिथून पाणीही येणार.

मग त्यांनी दोन्ही सेकंड स्टेज दाबमापकाला लावल्या. झडप उघडायला किती ओढ लागते ते पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात. काचेच्या ग्लासात नळी धरून पाणी तितके सेंटीमीटर वर ओढायला जेवढा जोर लागेल, तेवढा. माझा मुख्य रेग्युलेटर २.८ सेंटीमीटरला उघडत होता, पिवळा ५ ला. मी लगेच म्हटलं, "म्हणजे हा बिघडलाय." ते म्हणाले, "नाही, मुद्दाम तसा लावलाय."

इथे मला पहिल्यांदा या वस्तूमध्ये रस वाटायला लागला. सेकंड स्टेजच्या पुढच्या बाजूला एक पडदा असतो. पडद्याबाहेर पाणी, आत हवा. आपण श्वास ओढला की आतला दाब उतरतो, पडदा आत दबतो, पडदा तरफेला ढकलतो, तरफ झडप उघडते. आता हा रेग्युलेटर तोंडात नाही, नुसता पाण्यात लोंबकळतोय असं धरा, आणि त्याचं माउथपीस वर, पडदा खाली अशी स्थिती आहे. दोघांमध्ये ४-५ सेंटीमीटरचं अंतर. आतल्या हवेचा दाब वरच्या उघड्या तोंडाशी असलेल्या पाण्याइतका, पण पडदा त्याहून ४-५ सेंटीमीटर खोल. म्हणजे पडद्यावर बाहेरून तितका जास्त दाब. झडप जर २.८ लाच उघडणारी असेल तर कुणी श्वास न घेताच ती उघडते, आणि एकदा हवेचा झोत सुरू झाला की झोतामुळेच आतला दाब आणखी उतरतो आणि झडप उघडीच राहते. याला फ्री-फ्लो म्हणतात. बघता बघता सिलिंडर रिकामा होऊ लागतो. माउथपीस खाली वळवलं की गणित उलटतं आणि झोत थांबतो. बोटीवरून उडी मारताना माझ्या पिवळ्यातून कितीदा तरी बुडबुडे सुटले होते, आणि मी दरवेळी त्याला दोन शिव्या देऊन वळवून ठेवत होते. कारण आता कळलं.

म्हणून ऑक्टोपस थोडा घट्ट लावतात. पण किती घट्ट? ताईंचा प्रश्न सरळ होता, "मी धापा टाकत असेन तेव्हा मला हे घट्ट वाटणार नाही का?" तंत्रज्ञ म्हणाले की वाटेल, म्हणून नुसता घट्ट करून ठेवण्यापेक्षा झोत आवरणारी कळ असलेला घ्या. काही सेकंड स्टेजवर छोटी कळ असते. एका बाजूला केली की हवेचा झोत आतल्या पट्टीवर आपटतो आणि फ्री-फ्लो जोर धरत नाही, दुसऱ्या बाजूला केली की हवा सरळ तोंडाकडे जाते. काहींना घट्टपणा कमी-जास्त करायचं गोल बटणही असतं. बॅकअपवर ते बटण मला नकोच वाटलं. अर्धवट फिरलेलं राहिलं तर घाबरलेला माणूस ते फिरवत बसणार नाही. कळ तरी निदान दोनच स्थितींची.

मग बॅलन्स्ड की साधा, हा विषय निघाला. साध्या सेकंड स्टेजमध्ये झडप फक्त स्प्रिंगच्या जोरावर मिटलेली असते. नळीतला दाब तिला उघडू पाहतो, स्प्रिंग मिटू पाहते. नळीतला दाब उतरला की स्प्रिंगचं पारडं जड होतं आणि श्वास ओढायला जास्त जोर लागतो. बॅलन्स्डमध्ये नळीतला दाब झडपेच्या दोन्ही बाजूंना पोचवलेला असतो, त्यामुळे तो थोडा वर-खाली झाला तरी श्वासात फारसा फरक पडत नाही. साध्याचे भाग कमी, कुरबुरी कमी, आणि बॅकअपला तो चालतो, असं त्यांचं मत. आमचं मत पुढच्या पाच मिनिटांत बदललं.

ताईंची फर्स्ट स्टेज जुनी, साध्या पिस्टनची. तंत्रज्ञांनी ती भरलेल्या सिलिंडरला लावून नळीतला दाब मोजला, मग ५० बार उरलेल्या सिलिंडरला लावून मोजला. दुसरं मोजमाप एका बारपेक्षा जास्त खाली. अशा पिस्टनचा स्वभावच तो आहे, दोष नाही, सिलिंडर उतरत जातो तसा नळीतला दाबही उतरतो. त्यातच त्यांनी दोन्ही पर्ज बटणं (दाबली की सेकंड स्टेजमधून हवा सोडणारी) एकदम दाबली, सुई आणखी खाली. आता विचार करा. मला ताईंच्या हवेची गरज केव्हा पडेल? डायव्हच्या शेवटी, जेव्हा त्यांच्याही सिलिंडरमध्ये थोडीच उरलेली असेल. तेव्हा एकाच फर्स्ट स्टेजवर दोघी, दोघीही घाबरलेल्या, दोघीही भराभर श्वास घेणाऱ्या. वर साधी, घट्ट लावलेली सेकंड स्टेज. नेमक्या त्या क्षणी सगळ्या उणिवा एकत्र येऊन माझ्याच तोंडाशी पोचणार.

मी म्हटलं, "ताई, तुमची फर्स्ट स्टेजच बदलायची."

"ऑक्टोपस निवडायला आलीस ना तू? माझं छान चाललंय वीस वर्षं."

"तुमचं चाललंय. मी कुठे त्यातून श्वास घेतलाय?"

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. नणंदेला निरुत्तर करण्याचा योग क्वचित येतो, म्हणून इथे नोंदवून ठेवते.

एक गोष्ट कागदावरची. युरोपात अशा उपकरणांसाठी ईएन २५० हे मानक आहे. त्यात रेग्युलेटर ५० मीटर खोलीच्या दाबाला, मिनिटाला ६२.५ लिटर या वेगानं यंत्राकडून श्वास घेऊन तपासतात. २०१४ च्या आवृत्तीपासून "ए" हे अक्षर महत्त्वाचं झालं. ईएन २५०ए असं लिहिलेलं असेल तर तो संच दोघांनी एकाच वेळी वापरण्याच्या दृष्टीनेही तपासलेला असतो. नुसतं २५० आणि पुढे १० अंशांचं चिन्ह असेल तर १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यासाठी तो नाही. थंड पाण्यात दोघं एकाच फर्स्ट स्टेजवरून जोरात श्वास घेऊ लागले की पसरणारी हवा आणखी गार होते, आत बर्फ धरतो आणि झडप उघडी अडकते. आम्ही उबदार पाण्यात जाणाऱ्या, तरी ते अक्षर बघूनच घ्यायचं ठरवलं.

नंतरचे तीन आठवडे आम्ही मागून आणलेल्या आणि मैत्रिणींच्या उसन्या घेतलेल्या सेकंड स्टेज तलावात वापरून पाहिल्या. आमच्या इन्स्ट्रक्टर बाई काठाशी पाण्यात उभ्या असायच्या, कारण आम्ही मुद्दाम वाईट परिस्थिती उभी करत होतो. घेणारीनं डोळे मिटायचे, सगळी हवा सोडून द्यायची. देणारीनं न बघता, हाताला येईल तसा द्यायचा. मोजदाद ठेवली नाही, पण नेहमीच्या आकाराचा रेग्युलेटर मी आडवा-उलटा पुष्कळदा दिला. दिवसभराच्या सरावानंतरही. दिवसा उजेडी पाहिलं की कळतं कुठली बाजू वर. पण मिटल्या डोळ्यांनी, गार पडलेल्या बोटांना, गोल डब्याची वरची बाजू कुठली ते सांगता येत नाही.

ताईंचा कल त्यामुळे पहिल्या आठवड्यातच ठरला. त्यांना उलटा-सुलटा नसलेला हवा होता. असे काही मिळतात. यांत उच्छ्वासाची झडप खाली नसून एका कडेला असते आणि नळी डावीकडून आली काय, उजवीकडून आली काय, दोन्हीकडून चालतात. एपेक्सचा एग्रेस त्यातला, पोसायडनच्या जेटस्ट्रीमलाही कडेनेच उच्छ्वास जातो. ताईंनी एग्रेस दहा-बारा वेळा घेऊन पाहिला. कसाही तोंडात आला तरी पहिला श्वास जवळपास कोरडा. शिवाय तो चपटा, छातीशी पडून राहतो, पाण्याच्या ओढीत फार फडफडत नाही. "झालं तर," त्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला शिकवण्यापेक्षा हे सोपं."

मी मात्र इतक्यावर थांबायला तयार नव्हते, कारण मला इन्फ्लेटरमध्येच बसवलेल्या बॅकअपचं आकर्षण होतं. स्क्यूबाप्रोचा एअर २ हे त्यातलं माहितीतलं नाव. बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटात, हवा भरायची जी नळी असते तिच्याच टोकाला सेकंड स्टेज. एक नळी कमी, काही लोंबकळत नाही, दिसायला सुटसुटीत. इथे रीत वेगळी. आपल्या तोंडातला मुख्य रेग्युलेटर बडीला द्यायचा आणि आपण इन्फ्लेटरमधून श्वास घ्यायचा. तत्त्वाला मी अजूनही मान देते, कारण चालू असलेला, खात्रीचा रेग्युलेटर गरजवंताला मिळतो, आणि घाबरलेला माणूस तोंडातलाच ओढून घेतो असं अनुभवी लोकही सांगतात. पण वर येताना माझा घोळ झाला. वर येताना बीसीडीतली हवा सोडत यावं लागतं, त्यासाठी हेच टोक वर धरायचं, आणि हेच टोक माझ्या तोंडात. मागच्या दोरीनं झडप उघडून हवा सोडता येते, ते शिकलेही, तरी मान आखडून वर बघता येईना. दुसरं म्हणजे इन्फ्लेटरचं बटण अडकून बीसीडी आपोआप फुगू लागला तर ती नळी काढून टाकायची असते. ती काढली की बॅकअपही गेला. ज्यांना सराव आहे त्यांचं छान चालतं. मी वगळला.

गुहांमध्ये जाणाऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. मुख्य रेग्युलेटरला २.१ मीटरची लांब नळी, ती अंगाभोवती फिरवून आणलेली, आणि बॅकअप गळ्यात रबरी दोरीनं हनुवटीखाली टांगलेला. अरुंद वाटेत दोघांना एकामागे एक पोहता यावं म्हणून एवढी लांबी. गळ्यातला बॅकअप हात न लावता, नुसतं मान खाली करून तोंडात घेता येतो हे मला फार आवडलं. एकच दिवस वापरला. ताईंना तोंडातला रेग्युलेटर काढून देण्याघेण्याची सवय नव्हती, आणि दोघींच्या रीती वेगळ्या ठेवणं मला धोक्याचं वाटलं. पुढे कधीतरी दोघी मिळून शिकू.

मधेच एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितलं की ऑक्टोपसवर एवढा खल कशाला, छोटा वेगळा सिलिंडर बांधा. त्यांचं चूक नाही. ऑक्टोपस म्हणजे जादा हवा नव्हे. माझा सिलिंडर संपला की पिवळाही संपला, फर्स्ट स्टेज बिघडली की दोन्ही बिघडले. ३ लिटरचा पोनी सिलिंडर २०० बारला भरला तर ६०० लिटर हवा स्वतःची, स्वतःच्या रेग्युलेटरसह. १८ मीटरवरून एका माणसाला सावकाश वर यायला ती पुरते. पण आम्ही एकमेकींपासून हातभर अंतरावर राहणाऱ्या, १८ मीटरच्या आत फिरणाऱ्या. तेव्हा पोनी नंतर. मात्र त्यांच्या बोलण्यावरून मी बसून एक हिशेब केला. दोघी घाबरलेल्या, प्रत्येकीला मिनिटाला ३० लिटर. १८ मीटरवर दाब २.८ बार, तिथे सावरायला एक मिनिट, म्हणजे १६८ लिटर. मिनिटाला ९ मीटर या वेगानं वर यायला दोन मिनिटं, सरासरी १.९ बार, २२८ लिटर. ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा खबरदारीचा थांबा, २७० लिटर. एकूण ६६६. आमच्या १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये हे ५५ बारच्या वर जातं. आम्ही आजवर ५० बार घेऊन वर पोचायचं म्हणत होतो आणि कधीकधी तळाशी असतानाच सत्तरला टेकत होतो. सत्तरला तळ सोडला तर हिशेब जेमतेम बसतो. कितीही चांगला ऑक्टोपस घेतला तरी त्यातून येणारी हवा सिलिंडरमध्ये उरलेली असायला हवी. आता ८० ला वळतो.

ताईंसाठी मी काय घेतलं? त्यांच्या मुख्य रेग्युलेटरच्याच घराण्यातली, बॅलन्स्ड, कळवाली सेकंड स्टेज, आणि नवी बॅलन्स्ड डायफ्रामची फर्स्ट स्टेज, जिचा नळीतला दाब सिलिंडर उतरला तरी टिकतो. एकाच कंपनीचे सगळे भाग असले की सर्व्हिसिंगला एकच पद्धत, एकच माणूस, एकच वेळ. माझी गरज त्यांच्यापेक्षा वेगळी होती. मी मोठे मोठे श्वास घेणारी, हवा आधी माझीच उतरते. मला पहिल्या श्वासाच्या कोरडेपणापेक्षा सलग, भरपूर हवा हवी. शेवटच्या चाचणीत आम्ही ५० बार उरलेला सिलिंडर घेतला, तलावाच्या चार फेऱ्या जोरात मारल्या आणि धापा टाकत त्याच्यावर दोघी लागलो. जुन्या सेटवर तिसऱ्या-चौथ्या श्वासाला भिंतीतून हवा ओढल्यासारखं वाटलं होतं. नव्यावर तसं काही जाणवलं नाही. वर आल्यावर ताई म्हणाल्या, "बरंय, पण माझी जुनी फेकणार नाही मी." नका फेकू.

माउथपीसवरून मात्र भांडण झालं. माझ्या मुख्य रेग्युलेटरला गरम पाण्यात बुडवून दातांच्या मापानं बसवलेलं माउथपीस आहे, आणि तसंच ऑक्टोपसलाही लावायचा माझा विचार होता. ताईंचा जबडा लहान. माझ्या मापाचं माउथपीस त्यांच्या तोंडात गेलं की त्यांना उमासा येतो. आणि समजा प्रसंगी ताई नसून तिसरंच कुणी आलं तर? ऑक्टोपसवर साधं, मऊ, मध्यम मापाचं माउथपीस. त्याची पट्टी तेवढी घट्ट आवळलेली, नाहीतर रेग्युलेटर हातात आणि माउथपीस दातांत अशी गत होते.

रंग पिवळा, नळीही पिवळी. आवडीप्रमाणे बदलायची ही गोष्ट नाही. नळी १ मीटरची घेतली, मुख्य रेग्युलेटरची असते ७०-७५ सेंटीमीटरची. त्यापेक्षा आखूड असली तर दोघींची डोकी एकमेकींवर आपटतात, समोरासमोर नीट राहता येत नाही. त्याहून लांब असेल तर ती अडकवून ठेवायला जागा शोधावी लागते.

आणि ती ठेवायची कुठे, यावर आठवडा गेला. हनुवटी आणि खालच्या फासळ्या यांच्या मधला त्रिकोण, हे शिकवतात ते बरोबरच आहे, कारण समोरच्याची नजर तिथेच असते. प्रश्न पकडीचा. पहिला चिमटा इतका पक्का की मला दोन हात लागले. मग लोहचुंबकाचा आणला, तो शिडी चढताना आपोआप सुटला. शेवटी सिलिकॉनचा साधा फास. माउथपीस त्यात खुपसून ठेवायचं, एका झटक्यात निघतं, आणि एरवी आत वाळू शिरत नाही. उडी मारताना मी त्यावर हात ठेवते आणि तोंड खाली आहे ना ते बघते.

धुण्याबद्दल एक, कारण हे मी वर्षानुवर्षं चुकीचं करत होते. डायव्हनंतर गोड्या पाण्यात बुडवताना सिलिंडर जोडलेला नसेल तर पर्ज बटण दाबायचं नाही. झडप उघडते आणि पाणी नळीतून मागे फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. मला स्वच्छतेची हौस, मी दाबून दाबून धुवायचे. तंत्रज्ञांनी माझ्या जुन्या नळीतून काढलेला हिरवा गाळ पाहिल्यावर ताईंनी माझ्याकडे जी नजर टाकली तिचं वर्णन करत नाही.

आता डायव्हच्या आधी आम्ही एकमेकींचे ऑक्टोपस तपासतो. म्हणजे मी ताईंच्या ऑक्टोपसमधून, ताई माझ्यातून, चार-चार श्वास, नजर दाबमापकावर. सुई थरथरली तर सिलिंडरचा व्हॉल्व्ह पुरता उघडलेला नाही. बाकीचे लोक बोटीवर आमच्याकडे जरा चमत्कारिक नजरेनं बघतात. सेफ्टी स्टॉपच्या तीन मिनिटांत एकदा अदलाबदल करतो. परवाच्या डायव्हला तिथे मी ताईंना माझा पिवळा दिला, न बघता. त्यांनी तो तोंडात घेतला, श्वास ओढला, बोटांनी चाचपून पाहिला आणि पाटीवर पेन्सिलीनं लिहिलं, "उलटा आहे. चालतंय."